वसा-अमिर्झाच्या साडेसहाशे जणी

१४ जानेवारी १९८९. शनिवार होता आणि महाराष्ट्रात घरोघरी संक्रांत होती. त्याच तारखेच्या ‘लॅन्सेट’च्या अंकात पान ८५ पासून चार पानांचा एक शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव डॉ. राणी बंग यांचं, दुसरं डॉ. अभय बंग यांचं आणि पुढे त्यांच्या चार सहकाऱ्यांची. विषय होता खेड्यातल्या भारतीय बायकांचे स्त्रीरोग. ज्या दोन गावांतल्या बायका त्यात होत्या ती वसा आणि अमिर्झा, गडचिरोलीच्या परिसरातली, धानाच्या बांध्यांमधली गावं. लंडनच्या त्या साप्ताहिकात त्यांचं दुखणं टक्क्यांत छापून आलं तेव्हा गावात मळणी आटोपून बायका मोहफुलाच्या हंगामाची वाट बघत असतील.

त्या चार पानांना मी महाराष्ट्राच्या आधुनिक इतिहासातला एक महत्त्वाचा दस्तऐवज मानतो. संतती नियमनाच्या आकड्यांनी भरलेल्या सरकारी कपाटात बायकांच्या शरीराबद्दल जे कधीच लिहिलं गेलं नव्हतं, ते तिथे पहिल्यांदा लिहिलं गेलं.

गडचिरोली हा तेव्हा कोवळा जिल्हा होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग झाले. कोळसा, सिमेंट, कागद कारखाना आणि जवळजवळ सगळी रेल्वे चंद्रपूरकडे राहिली. जंगल गडचिरोलीकडे आलं. चौदा हजार चारशे चौरस किलोमीटरांचा प्रदेश, त्यातलं तीन-चतुर्थांश जंगल. जुनी माणसं अजूनही ‘चांद्याला जाऊन येतो’ म्हणतात, कारण १९६४ पर्यंत जिल्ह्याचं नाव चांदाच होतं आणि मोठा दवाखाना, मोठी कचेरी, मोठा बाजार सगळं तिथेच होतं. त्याहून मोठं काही झालं तर नागपूर, गडचिरोलीपासून पावणेदोनशे किलोमीटरांच्या घरात. पावसाळ्यात कठाणीला पूर आला की आरमोरीचा रस्ता बंद, वैनगंगा फुगली की चांद्याचाही भरवसा नाही. अडलेल्या बाईला खाटेवर घालून न्यायचं म्हटलं तरी नदीकाठी थांबून पाणी उतरण्याची वाट बघावी लागायची.

बायकांचं वर्ष कामाने भरलेलं. मार्च-एप्रिलात पहाटे अंधारात मोहफुलं वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडून त्याचे पुडे बांधायचे, मृग लागला की पऱ्हे टाकायचे आणि जुलै-ऑगस्टात रोवणी. रोवणी ज्यांनी पाहिली नसेल त्यांना तिचं वजन कळत नाही. पोटरीभर चिखलात, कंबरेतून वाकून, वरून पाऊस आणि खालून गढूळ पाणी, असं सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. पाळी आलेली असो, बाळंतपण होऊन दोन महिने झालेले असोत, नाहीतर अंग दुखत असो, रोवणीचा दिवस बुडाला तर मजुरी बुडते. मासिक पाळीचं फडकं वाळत घालायला उन्हाची जागा नाही, पुरुषांच्या नजरेची भीती आहे, म्हणून ते घरात अंधाऱ्या कोपऱ्यात दमट राहतं. दक्षिणेच्या माडिया गावांत तर पाळीच्या दिवसांत बाईने गावाबाहेरच्या कुर्मा घरात जाऊन राहायचं. त्या झोपडीत पाऊस गळतो, रात्री साप येतो, हे सगळ्यांना ठाऊक, पण बोलायचं कुणी?

सरकारी आरोग्ययंत्रणा या बाईला ओळखत नव्हती असं म्हणता येणार नाही. ती तिला एकाच बाजूने ओळखत होती. प्राथमिक आरोग्य केंद्रात जननक्षम जोडप्यांची नोंदवही असायची. बाईचं वय, नवऱ्याचं नाव, मुलं किती, शेवटचं मूल केव्हाचं, ऑपरेशन झालं की नाही, तांबी बसवली की नाही. आणीबाणीत पुरुषांच्या नसबंदीचा जो अतिरेक झाला त्यानंतर पुढाऱ्यांनी पुरुषांचं नाव घेणं सोडलं आणि सगळा भार बायकांच्या शस्त्रक्रियेवर आला. दुर्बिणीची शिबिरं लागायची. नर्सबाईंना, गुरुजींना, तलाठ्याला सुद्धा ‘केसेस’ आणण्याचं उद्दिष्ट असायचं आणि मार्च एंड जवळ आला की धावपळ. हा उद्दिष्टांचा कारभार देशात एप्रिल १९९६ पर्यंत चालला. बाईचं गर्भाशय असं अनेक रकान्यांत होतं, पण ते दुखतं का, त्यातून काही जातं का, हे विचारायला रकाना नव्हता. बाई गरोदर असली तर धनुर्वाताची सुई, नसली तर ऑपरेशनचा आग्रह. दोन्हींच्या मधली जी वर्षं असतात, बाईचं खरं आयुष्य जिथे जातं, तिथे यंत्रणेचं काही काम नव्हतं.

राणी बंग या चंद्रपूरच्या चारी घराण्यातल्या. अभय बंग वर्ध्याचे, सर्वोदयी ठाकूरदास बंग यांचे चिरंजीव. दोघंही नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. त्या स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रात एम.डी., ते मेडिसिनमध्ये. १९७७ साली लग्न. काही वर्षं वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत काम केलं. तिथेच अभय बंग यांनी रोजगार हमीवरच्या किमान मजुरीचं सरकारी गणित तपासून त्यातल्या चुका दाखवून दिल्या होत्या, तेव्हा आकड्यांचा हिसका काय असतो हे त्यांना कळलं होतं. मग दोघं अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले आणि १९८४ साली सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन परतले. डिसेंबर १९८५ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी गडचिरोलीत काम सुरू झालं, एका जुन्या गोदामात.

पहिला अभ्यास मात्र बायकांच्या आजारांचा नव्हता. गडचिरोलीच्या रुग्णांत सिकलसेलचा विकार दिसला, रक्ताच्या तपासण्या झाल्या, जिल्ह्यात हा आजार पसरलेला आहे हे कळलं. शास्त्राच्या दृष्टीने मोठं काम. लोक मात्र थंड. त्यांनी हा प्रश्न विचारलाच नव्हता. त्यांच्या लेखी ताप होता, खोकला होता, मरणारी मुलं होती, बायकांचं दुखणं होतं. ज्याला औषध नाही अशा रक्तातल्या दोषाचं नाव कळून करायचं काय? लोकांना काय हवं आहे ते आधी विचारा आणि मग संशोधन करा, हा धडा बंग दांपत्याने पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितला आहे. संशोधकाला असं सहसा सुचत नाही. सुचलं तरी तो कबूल करत नाही.

बायकांच्या दुखण्याबद्दल मात्र विचारण्याची गरजच नव्हती. राणी बंग बाह्यरुग्ण विभागात बसल्या की बायकांची रीघ लागे. ताप म्हणून आलेली बाई बाकी सगळ्या उठून गेल्यावर आवाज खाली आणून खरं सांगे. अंगावरून पांढरं जातं. धुपणी लागली आहे. कंबर मोडते. पाळी महिन्यातून दोनदा येते. नवऱ्याजवळ झोपवत नाही. प्रश्न असा होता की दवाखान्यात येणाऱ्या या बायका म्हणजे किती? हिमनगाचं टोक, की सगळा हिमनग एवढाच?

तोवर जगात या विषयावर जे लिहिलं गेलं होतं ते बहुतेक दवाखान्यात आलेल्या रुग्णांवरून. जी आली ती मोजली गेली. जी आलीच नाही ती निरोगी धरली गेली. विकसनशील देशातल्या एखाद्या खेड्यात घराघरांतल्या बायकांना, तक्रार असलेल्या आणि नसलेल्या दोघींनाही, तपासणीच्या टेबलावर घेऊन पाहणं कुणी केलं नव्हतं. साथीच्या रोगांचे मोठमोठे नकाशे तयार झाले होते, कुष्ठरोग्यांची घरोघर गणती झाली होती, हत्तीपायासाठी रात्री बारा वाजता गावभर रक्ताचे थेंब घेतले जात होते. बाईच्या ओटीपोटापर्यंत मात्र कुणी पोचलं नव्हतं.

म्हणून वसा आणि अमिर्झा. तेरा वर्षांवरच्या मुली आणि बायका, लग्न झालेल्या, न झालेल्या, विधवा, म्हाताऱ्या, सगळ्यांना बोलावणं. आज हे वाचताना सोपं वाटतं. तपासणीसाठी दार लावता येईल अशी खोली लागते, टेबल लागतं, भरपूर उजेड लागतो, उकळून निर्जंतुक केलेली उपकरणं लागतात. स्पेक्युलम म्हणजे काय हे आयुष्यात न पाहिलेल्या बाईला ते लोखंडी हत्यार दाखवून समजावून सांगायला लागतं. अंगावरच्या स्रावाचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, तपासणीला पाठवायचा. आणि तपासणारी बाईच लागते. त्यातही तिची भाषा बाईच्या ओळखीची लागते. राणी बंग यांच्याकडे चांद्याची बोली होती, गावातल्या सुइणींशी त्यांचं सख्य होतं. मला वाटतं, हे भांडवल अमेरिकन पदवीपेक्षा जास्त कामाला आलं. सगळ्या बायका आल्या नाहीत. ज्या आल्या त्यातल्या ६५० जणींचा हिशेब निबंधात आहे.

हिशेब असा. ५५ टक्के बायकांनी काही ना काही तक्रार सांगितली. ४५ टक्के म्हणाल्या, मला काही होत नाही. तपासणी झाल्यावर मात्र ९२ टक्के बायकांमध्ये स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग सापडला. एकेका बाईत सरासरी ३.६ रोग. त्यातला निम्मा भार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचा. आणि यापूर्वी आयुष्यात एकदा तरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के. म्हणजे ज्यांना रोग आहे त्या सहाशेच्या आसपास, आणि ज्यांची तपासणी कधीच झाली नाही त्याही सहाशेच्या आसपास. हा योगायोग आहे, पण टोचणारा.

निबंधात आणखी एक ओळ आहे, जिच्याकडे दिल्लीतल्या लोकांचं लक्ष जायला हवं होतं. बायकांनी वापरायच्या संततिप्रतिबंधक साधनांचा आणि या रोगांचा संबंध दिसला. तांबी, शस्त्रक्रिया यांचा. लेखकांनी लगेच हेही लिहिलं की एवढ्यावरून या रोगभाराचा थोडासाच भाग समजावता येतो. त्यांनी सरकारवर खापर फोडण्याची संधी सोडली, आणि म्हणूनच त्या ओळीवर विश्वास बसतो. ज्या बाईला आधीच संसर्ग आहे तिला न तपासता तांबी बसवली तर काय होईल, हे कळायला लॅन्सेटची गरज नव्हती. पण तपासायला वेळ कुणाला होता? टेबलापुढे रांग आणि रांगेपुढे उद्दिष्ट.

९२ हा आकडा पचवणं अनेकांना जड गेलं. शंका रास्त होत्या. दोनच गावं, त्याही एका कोपऱ्यातल्या जिल्ह्यातली. ज्यांना त्रास होता त्याच जास्त आल्या असतील. गर्भाशयाच्या मुखाशी किंचित लाली दिसली तरी ती रोग म्हणून मोजायची का? पाळीच्या तक्रारी आणि संसर्ग एकाच टोपलीत का घातले? या शंका धरून नंतर इतर ठिकाणी जे अभ्यास झाले त्यांतले आकडे खाली आले. इजिप्तमध्ये गिझाजवळच्या दोन गावांत ५०९ बायकांची तपासणी झाली, तिथे निम्म्याहून थोड्या अधिक बायकांत जननमार्गाचा संसर्ग सापडला. कर्नाटकात, तमिळनाडूत, गुजरातेत, मुंबईच्या वस्त्यांत अभ्यास झाले आणि प्रत्येक ठिकाणी आकडा वेगळा निघाला. एक गोष्ट कुठेच खोटी ठरली नाही: न विचारलेल्या, न तपासलेल्या बायकांत भरपूर आजार असतो, आणि त्या तो सांगत नाहीत.

का सांगत नाहीत? लाज हे उत्तर सोपं आहे आणि अपुरं आहे. बंग यांनी नंतर गावातल्या बायकांकडून जे ऐकून लिहून घेतलं त्यात उष्णता येते, कमजोरी येते. अंगात गरमी झाली की पांढरं जातं, पांढरं जाऊन जाऊन बाई वाळते, तिचं बळ झिजतं. हे बायकांच्या लेखी आजारपण होतंच, पण ते बाईपणाच्या आत बसणारं. आईला होतं, सासूला होतं, मलाही होणार. त्यावर चांद्याला जायचं तर एसटीचं भाडं, दिवसाची मजुरी, सोबत यायला कुणीतरी, आणि तिथे गेल्यावर पुरुष डॉक्टरपुढे उघडं पडायचं. कुठल्याही हिशेबाने न जाणं शहाणपणाचं होतं. राणी बंग यांचं ‘कानोसा’ हे पुस्तक पुढे याच ऐकण्यातून आलं.

बाहेरच्या जगाला हा निबंध योग्य वेळी मिळाला. १९८७ मध्ये नैरोबीत सुरक्षित मातृत्वाची परिषद झाली होती, पण तिथला भर बाळंतपणात मरणाऱ्या बायकांवर होता. १९८६ मध्ये चेन्नईत एचआयव्हीची लागण झालेले भारतातले पहिले रुग्ण सापडले, आणि जननमार्गाचे इतर संसर्ग असले की एचआयव्हीला वाट सोपी होते हे लक्षात आल्यावर एकाएकी सगळ्यांना बायकांच्या पांढऱ्या पाण्यात रस वाटू लागला. हे थोडं कडू वाटतं, पण खरं आहे. गडचिरोलीच्या बाईची कंबर दुखते म्हणून निधी आला नसता. एड्सच्या धास्तीने आला. सप्टेंबर १९९४ मध्ये कैरोच्या लोकसंख्या परिषदेत ‘प्रजनन आरोग्य’ हा शब्द जगाच्या कारभारात रूढ झाला, तेव्हा तिथल्या चर्चांना आधार देणाऱ्या थोड्या पुराव्यांत हा भारतीय पुरावा होता. भारताने ऑक्टोबर १९९७ मध्ये प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू केला. त्यात जननमार्गाच्या संसर्गाला पहिल्यांदा अधिकृत जागा मिळाली.

गावात मात्र गोष्ट वेगळ्याच वाटेने गेली. बायकांशी त्यांच्या आरोग्याबद्दल बोलायला बसलं की बोलणं हमखास दारूवर यायचं. नवरा पिऊन येतो, मारतो, नको असताना अंगाशी येतो, मजुरी ठेवत नाही. ओटीपोटाचं दुखणं आणि दारूची बाटली या बायकांच्या हिशेबात एकाच वहीत होत्या. १९८८ पासून गडचिरोलीत दारूमुक्तीची चळवळ उभी राहिली, गावोगावी बायकांनी दुकानं बंद करायला लावली आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. शेजारच्या चंद्रपूरला ती १ एप्रिल २०१५ रोजी आली आणि २०२१ मध्ये उठली. दारूबंदीने दारू थांबते का, हा वाद इथे नको. डॉक्टरांनी संसर्ग मोजायला सुरुवात केली आणि बायकांनी त्याचं कारण गुत्त्यावर दाखवलं, एवढी नोंद पुरे.

१९९३ मध्येच गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्यावर शोधग्राम उभं राहिलं. दवाखाना कसा हवा हे गोंड लोकांना विचारलं, त्यांनी मोठी इमारत नको, आमच्या घरांसारख्या झोपड्या हव्यात आणि देवीचं नाव हवं म्हटलं. म्हणून माँ दंतेश्वरी दवाखाना. तिथून पुढचं काम नवजात बाळांचं. ३९ गावांत शिकवून तयार केलेल्या बायकांनी, आरोग्यदूतांनी, घरी जाऊन बाळांवर उपचार केले, बाळाच्या रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाला सुई सुद्धा दिली, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. तो निबंध डिसेंबर १९९९ च्या लॅन्सेटचा. हे काम जगभर गाजलं, त्यामुळे त्याच ३९ गावांतला दुसरा एक अभ्यास झाकला गेला. १९९५-९६ मध्ये बाळंत झालेल्या ७७२ बायकांवर लक्ष ठेवलं गेलं, त्यातल्या निम्म्याहून अधिक, ५२.६ टक्के, बायकांना प्रसूतीत किंवा बाळंतपणानंतर काहीतरी आजार झाला. आणि बहुतेक दुखणी बाळंतपणानंतरची, म्हणजे सुईण हात धुऊन घरी गेल्यानंतरची.

कागदावर आलेल्या धोरणाचं पुढे काय झालं तेही बघायला हवं. प्रत्येक बाईची प्रयोगशाळेत तपासणी करणं परवडत नाही, म्हणून लक्षणांवरून औषध देण्याची पद्धत आली. सरकारी दवाखान्यात रंगीत पुड्या आल्या. पांढरं जातं म्हटलं की हिरवी पुडी. त्यात सेक्निडाझोलच्या आणि फ्लुकोनाझोलच्या गोळ्या. सोय झाली, पण पायाच डळमळीत होता, कारण वसा-अमिर्झात जिला तक्रार नव्हती तिलाही रोग होता. तिला पुडी कोण देणार? मग गोव्यात याच्या उलट बाजू दिसली. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तिथल्या २,४९४ बायकांची पाहणी केली. संसर्ग २८.३ टक्के बायकांत सापडला, त्यातला लैंगिक संबंधांतून येणारा भाग ४.२ टक्केच. आणि ज्या बायका पांढरं जातं म्हणून सांगत होत्या त्यांच्या तक्रारीचा संबंध जंतूंपेक्षा मनाच्या ताणाशी, घरातल्या जाचाशी जास्त जुळला. म्हणजे गडचिरोलीत रोग आहे पण तक्रार नाही, गोव्यात तक्रार आहे पण जंतू नाही. हिरवी पुडी या दोघींच्या मधून निसटते. गोव्याच्या त्या बाईला खरं तर कुणाशी तरी बोलायचं होतं, आणि दवाखान्यात बोलायला पांढऱ्या पाण्याइतकी सोयीची तक्रार दुसरी नाही.

तक्रार आणि रोग यांची अशी फारकत जिथे पुरी होते तो सायटोमेगॅलो विषाणू. १९५६-५७ मध्ये तीन प्रयोगशाळांनी तो स्वतंत्रपणे वेगळा काढला, त्यातले थॉमस वेलर हे पोलिओच्या कामासाठी नोबेल मिळालेले. १९६० मध्ये त्यांनीच त्याला हे नाव दिलं. कांजिण्यांच्या विषाणूच्या कुळातला हा. लाळेतून, लघवीतून, दुधातून, रक्तातून, संबंधातून पसरतो आणि एकदा अंगात शिरला की मरेपर्यंत राहतो. धडधाकट माणसाला बहुधा काही जाणवतही नाही. भारतात बाळ आईच्या दुधातूनच त्याला भेटतं, नाहीतर अंगणवाडीत, नाहीतर भावंडांच्या उष्ट्यातून. म्हणून आपल्याकडे मूल होण्याच्या वयातल्या दहांपैकी आठ-नऊ बायकांच्या रक्तात त्याची खूण असते.

मुंबईच्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००३ मध्ये गर्भपात, मृत अर्भक असा इतिहास असलेल्या ३८० बायकांच्या रक्ताचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातल्या ९१.०५ टक्के बायकांत सायटोमेगॅलोची जुनी खूण होती. ताज्या संसर्गाकडे बोट दाखवणारी प्रतिपिंडं ८.४२ टक्क्यांत. पहिला आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही. शेजारच्या पलंगावर दुसरं सुखरूप बाळंतपण होऊन बसलेल्या बाईचं रक्त घेतलं असतं तरी तो तसाच निघाला असता. पण या परीक्षेचा व्यवहार मात्र वेगळाच झाला. गर्भ दोनदा पडला की ‘टॉर्च करून या’, म्हणजे या आणि अशाच काही जंतूंसाठी रक्त तपासून या, ही चिठ्ठी तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. पूर्वी बाईला कुणी तपासत नव्हतं. आता तिला न विचारता, न सांगता, हजारभर रुपयांचं रक्त तपासलं जातं. हातात येतो ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेला कागद. सासरी तो कागद बाईच्या विरुद्ध साक्ष म्हणून वाचला जातो. जुनी खूण म्हणजे बहुतेकदा लहानपणचा संसर्ग, एवढं वाक्य कुणी तिला सांगत नाही. ताज्या संसर्गाची मानली जाणारी प्रतिपिंडं सुद्धा कित्येक महिने रक्तात रेंगाळतात, हेही नाही.

याचा अर्थ हा विषाणू निरुपद्रवी आहे असा नाही. गरोदरपणात पहिल्यांदाच लागला तर तीनातल्या एखाद्या वेळी तो गर्भापर्यंत जातो. आधी होऊन गेलेल्या बाईत ही शक्यता शंभरात एकाच्या आसपास, कारण जुना विषाणू जागा होतो किंवा दुसऱ्या वाणाचा नव्याने लागतो. जिथे जवळपास सगळ्याच बायकांना आधी होऊन गेलेला असतो तिथे हा एक टक्काही मोठा असतो. ब्राझीलमधल्या रिबेराव प्रेतो शहरात ८,०४७ नवजात बाळं तपासली तेव्हा ८७ बाळांना जन्मतःच तो होता. त्या समाजातल्या बायकांमध्येही भारतासारखाच तो सार्वत्रिक. अशी बाळं बहुतेक टुणटुणीत दिसतात. जी बिघडतात त्यांच्यात सगळ्यात जास्त बिघडतं ते ऐकणं, कधी जन्मतःच, कधी वर्ष-दोन वर्षांनी. मूल बोलत नाही म्हणून घरचे देवऋषाकडे जातात तोवर बोली शिकण्याची वर्षं निघून गेलेली असतात.

अमेरिकेतल्या युटा राज्याने २०१३ मध्ये कायदा केला की नवजात बाळ ऐकण्याच्या तपासणीत नापास झालं तर त्याची सायटोमेगॅलोसाठी तपासणी करायची. त्याच वर्षी ६ फेब्रुवारीला आपल्याकडे पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं उद्घाटन झालं, त्याच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे. विषाणू पोटातच लागला होता की जन्मानंतर दुधातून, हे ओळखायचं तर लाळेचा किंवा लघवीचा नमुना बाळ २१ दिवसांचं व्हायच्या आत घ्यावा लागतो, नंतर घेतलेल्या नमुन्यावरून ते सांगता येत नाही. गडचिरोलीच्या आरोग्यदूतांच्या कामातून २०११ मध्ये देशभर गेलेल्या कार्यक्रमात आशाताईने बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. म्हणजे मुदतीच्या आत तीन भेटी, आणि चौथी मुदतीच्या दिवशीच. पण आधी त्या बाळाचं ऐकणं कुणीतरी तपासलेलं असावं लागतं, आणि पहिल्या तपासणीत पास झालं तरी वर्षभरात पुन्हा एकदा.